हैबतीचा गोळा सरळ का जाईना

कुणाच्या पणज्यालाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळी एका डोंगराच्या कुशीत दोन वाड्या होत्या. एक वरली, एक खालची. दोघींत मिळून एकच कुरण. गवत असं, की म्हैस एकदा आत शिरली की तिला घराची आठवण येत नसे.

त्या कुरणापायी दर साली डोकी फुटायची. फिर्यादी ऐकून ऐकून राजाला जेवण गोड लागेना. शेवटी त्यानं हुकूम काढला. दर साली नऊ खुंट उभे करायचे. दोन्ही वाड्यांनी एकेक माणूस द्यायचा आणि त्यानं लाकडी गोळा घरंगळत सोडून खुंट पाडायचे. तीन वेळा. ज्याचे जास्त पडतील त्याच्या वाडीची गुरं वर्षभर कुरणात. हरलेल्यांनी ओढ्यापलीकडच्या खडकावर जायचं आणि दगड चाटायचे.

गोळे बनवायचा एक म्हातारा कातारी, लाकूड कातून वस्तू घडवणारा. दोन्ही गोळे एकाच बाभळीचे, वर सारखीच तांबडी लाख. जुळी भावंडं म्हणा ना. माणूस कसबी, पण मोठा चावट. एकदा त्यानं लाकडाचं वांगं रंगवून पाटलाच्या टोपलीत ठेवलं होतं, आणि पाटलीणबाई बिचाऱ्या ते दुपारपर्यंत शिजवत बसल्या होत्या. तेव्हापासून त्याच्या शब्दावर कुणाचा इतकासुद्धा भरवसा नव्हता.

त्या साली वरल्या वाडीनं हैबतीला उभं केलं. मांड्या उखळासारख्या, छाती दारासारखी. खालच्या वाडीनं उभी केली तुळसाक्का, साठी उलटलेली, उठताना गुडघे वाजणारी. हैबती दोन दिवस हसत होता. मग गोळा हातात घेतला आणि त्याचं हसू थांबलं.

गोळा सरळ जाईना हो. एकदा डावीकडं वळायचा, एकदा उजवीकडं. एकदा तर लंगड्या बकरीसारखा उड्या मारत गेला. हात तोच, जोर तोच, जमीन तीच. हैबतीनं जमीन खरवडून सपाट केली. गोळ्याला तेल चोळलं. काळा दोरा बांधून पाहिला, तर दोराच चाकाखाली आल्यासारखा तुटला. डावीकडं गेला की तो वाऱ्याला शिव्या द्यायचा, उजवीकडं गेला की बायकोच्या भाकरीला. बायको म्हणाली, भाकरी कालही हीच होती, तेव्हा डावीकडं कसा गेला? मग त्यानं भाकरी सोडली आणि चटणीला शिव्या दिल्या.

त्याची चंद्री म्हैस गाभण होती. पहिलं वेत. खडकावर चरून ती काय दूध देणार, या काळजीनं त्याला घास गिळवेना. शेवटी नाक मुठीत धरून तो कातारीकडं गेला.

कातारी खोकून खोकून हसला. म्हणाला, "पाण्यात टाक."

"काय?"

"गोळा रं. पाण्यात टाक आन बघत बस."

हैबतीला ते लाकडी वांगं आठवलं. मला येडा समजतोय, असं पुटपुटत तो माघारी फिरला.

मग तो निरगुडीच्या झुडपाआड बसून तुळसाक्काला बघायला लागला. तर काय, म्हातारी गुरांच्या दगडी डोणीत गोळा सोडून बसलेली. गोळा तरंगतोय, ती बघतीय. मग उचलून सोडला. गोळा कुठं भलतीकडंच निघाला आणि शेवटी वळून बरोबर खुंटात घुसला. हैबतीला काही कळेना. बरं, डोणीतलं पाणी त्यानं पाहिलं, कातारीचे शब्दही त्याला ठाऊक होते. पण दोन्हीची गाठ काही त्याच्या डोक्यात पडली नाही. एवढंच पडलं, की चांगला गोळा म्हातारीला मिळाला आणि खोटा आपल्याला.

सामन्याच्या दिवशी दुपारी तुळसाक्का चिंचेखाली डुलकी घेत होती. हैबतीनं हळूच गोळे बदलले. आता बघतो, म्हणाला.

पहिला त्याचा मान. त्यानं पाय रोवला, दम धरला आणि सोडला. गोळा डावीकडं. दुसरा उजवीकडं. तिसरा मधेच डुगडुगला, दोन खुंट पाडून थांबला. तीन वेळात मिळून दोन. हैबती आपल्या हाताकडं असा बघत राहिला, जसा काही तो दुसऱ्याचाच आहे.

तुळसाक्कानं घंगाळभर पाणी मागवलं. लोक हसले. कुणी विचारलं, अंघोळ करतीस का आक्के? तिनं गोळा पाण्यात सोडला. तो हलला, फिरला आणि एक अंग खाली करून स्थिर झाला. म्हातारीनं भुवया चढवल्या. पुन्हा फिरवून सोडला. पुन्हा तेच अंग खाली. तिनं त्या अंगावर काजळाचं बोट टेकवलं, तो काजळाचा ठिपका उजव्या हाताला येईल असा गोळा धरला आणि अलगद डाव्या कुंपणाकडं सोडला.

गेला, गेला कुंपणात, म्हणून वरल्या वाडीनं टाळ्या पिटल्या. पण वेग मंदावला तसा गोळा उजवीकडं वळायला लागला, सासरी निघालेल्या पोरीनं मागं वळून बघावं तसा. आणि धाडदिशी चार खुंट आडवे. तीन वेळात सात पडले.

हैबतीच्या डोक्यात नुसता गोंधळ उठला. तो पुढं आला आणि बोलून गेला, "दोन्ही गोळे खोटे हायेत! माझाबी असाच भरकटायचा आन आता आक्कीचाबी माझ्या हातनं तसाच भरकटला!"

सगळ्या माळरानाच्या माना त्याच्याकडं वळल्या.

तुळसाक्का म्हणाली, "माझा तुझ्या हातात कसा आला, बाबा?"

हैबतीनं हातातला गोळा पाठीमागं लपवला.

"असू दे," ती म्हणाली. "पाण्यात फिरला तवाच कळलं मला, ह्यो माझा न्हाई. गोळा कुनाचाबी असंना, आत काय हाय ते पानी सांगतंय."

कातारीनं कुऱ्हाड मागवली आणि हैबतीच्या हातातल्या गोळ्याचे दोन तुकडे केले. आत पांढरं लाकूड आणि काळाभोर जड गाभा. पण गाभा मधोमध नव्हता, एका कडेला सरकलेला. "उतारावरची बाभूळ," तो म्हणाला. "झाड कलून वाढलं, गाभा एका अंगाला गेला. जड अंग जिकडं, गोळा तिकडं वळनार. दोन्ही तसेच केले म्या. तुला सांगितलं बी व्हतं." आणि पुन्हा खोकून खोकून हसला.

वर्षभर वरल्या वाडीच्या म्हशी खडकावर गेल्या. चंद्री तिथंच व्याली आणि अर्धा तांब्यासुद्धा दूध देईना. हैबती रोज तिला ओढ्यावर पाणी पाजायचा, फुटक्या गोळ्याचं अर्धुक पाण्यात सोडायचा आणि ते कुठल्या अंगाला कलतंय ते बघत बसायचा.

तर लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: बाहेरचा रंग आणि आपल्या अंगातला जोर कितीही असो, ज्याचा गाभा ओळखला नाही ते आपल्या मनासारखं चालत नाही.