सटवा हलगीवाल्याची प्रदक्षिणा

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. आंबदरीच्या चहूबाजूंना डोंगर आणि मधल्या खोलगटात वाघजाईचं देऊळ, हे तेव्हाही असंच होतं. चैत्री पुनवेला दिवस उगवताना पहिली हलगी वाजायची आणि तिच्या आवाजानं देवी जागी व्हायची. तो मान सटवाच्या घराचा. सटवाच्या माणसांना देवळाची पायरी चढायची बंदी होती. पण दारासमोरच्या चिंचेखाली उभं राहून वाजवलेलं आत पोचायचं. तेवढ्यावर ती माणसं समाधानी होती.

मग एका पाटलानं देवळाभोवती दोन पुरुष उंच तट बांधला. हलगीवाल्यांनी ओढ्यापलीकडूनच वाजवावं, असा हुकूम निघाला. तिकडची हलगी तटाला आपटून माघारी फिरायची. गुरवानं सांगितलं, येत्या पुनवेला देवीला कौल लावू. हलगी आत आली आणि फूल उजवीकडे पडलं, तर मान तुमचा. नाहीतर बाहेरगावचे सनईवाले आणू.

सटवा वर्षभर डोंगर फिरला. असं म्हणतात, की त्यानं दर दहा पावलांवर हलगीवर थाप मारली. त्याची बायको गोजरा खाली तटाला कान लावून बसायची. थाप तटाच्या आत घुमली की ती पदर हलवायची. अशा सात जागा सापडल्या. सातही ठिकाणी सटवानं दगड रोवले.

पण सात भाऊबंद सात दगडांपाशी उभे करून त्यानं एकदम थाप मारायला लावली, तर सात थापा खाली एकामागून एक पडल्या. गुरव तटावरून हसला.

"सटवा, देवीला उठवतोस का तिच्यावर दगड टाकतोस?"

चार दिवस सटवा एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत फिरत राहिला.

पाचव्या दिवशी समोरच्या डोंगरावर कुणी लाकूड तोडत होतं. कुऱ्हाड खाली आली, पुन्हा वर गेली, आणि मग ठोका ऐकू आला. सटवा आहे तिथंच बसला. आवाजालाही वाट चालावी लागते. जो लांब, त्यानं आधी निघायचं.

पुनवेच्या पहाटे सातही दगडांपाशी गोवऱ्या पेटवून हलग्या शेकल्या, कातडं ताणून घेतलं. सटवा ओढ्याकाठी निशाणाची काठी धरून उभा राहिला. काठी कमरेला आली की लांबच्यांनी वाजवायचं, खांद्याला आली की मधल्यांनी, डोक्यावर गेली की जवळच्यांनी, हे त्यानं घोटून घेतलं होतं. त्याच्या हातात हलगी न दिसल्यानं गोजरानं विचारलं, "आणि तुम्ही काय वाजवणार?"

"मी आज डोंगर वाजवतो," सटवा म्हणाला.

आधी सातजणांनी ओळीनं वाजवलं. आत देवीसमोर पाटील हात जोडून उभा होता. हलगी त्याच्या पाठीमागून निघाली, डाव्या अंगानं देवीच्या मागं गेली, उजव्या अंगानं परत आली. पुन्हा निघाली, पुन्हा आली. पाटलाच्या ध्यानात आलं. ज्यांना आत पाऊल टाकायची बंदी, ती माणसं देवीला प्रदक्षिणा घालत होती.

मग काठी सावकाश वर गेली. सात थापा गाभाऱ्यात एक होऊन उतरल्या. असं म्हणतात, की समईच्या वाती आडव्या झाल्या, घंटा आपोआप वाजली, आणि देवीचं फूल उजवीकडे पडलं. गुरव स्वतः तटाबाहेर आला आणि ते फूल त्यानं सटवाच्या ओंजळीत ठेवलं. सटवाचे डोळे भरले होते, मान मात्र ताठ होती.

आता देवळात सगळेच जातात. तरी चैत्री पुनवेला हलग्या आधी डोंगर चढतात. सगळ्यात लांबच्या दगडाचा मान मोठा, कारण पहिली थाप त्याची. हलगी मागून निघाली, की देवळातली माणसं तिच्याबरोबर वळत जातात, म्हातारी, पोरंबाळं, पाटलांच्या घरचीही. घडीभर देवीकडे पाठ होते. आंबदरीत त्याला कुणी पाप म्हणत नाही.