पुण्य महाराजांचं, पाय गेंदाचे

महाराज मोहकमसिंहांना नर्मदेची परिक्रमा हवी होती, फक्त चालायला नको होतं. घाटावरच्या देवळातसुद्धा ते पालखीतून जात. म्हणून त्यांनी वाड्यावर पाणी भरणाऱ्या गेंदाला बोलावलं.

"घाट चढून-उतरून तुझे पाय भक्कम झालेत. माझ्या नावानं परिक्रमा तू कर. पाय तुझे, पुण्य माझं."

गेंदाच्या कडेवर सहा महिन्यांची लेक होती. परिक्रमा म्हणजे भिक्षा मागत तीन वर्षांहून जास्त चालणं. रानात पोरीला ताप भरला तर? आपलंच दूध आटलं तर?

"महाराज, पोर अंगावर पितेय अजून."

"जावेकडे ठेव. परत येशील तेव्हा धावत येईल तुझ्याकडे."

"धावेल, पण जावेच्या पदराआड. मला ओळखणार कशी?"

"मग घेऊन जा. नाहीतर नवऱ्यासकट गाव सोड."

गेंदा लेकीला थोपटत उभी राहिली. मग म्हणाली, "जाते. एवढंच मागणं, संकल्प तुमच्या हातून सुटावा. आणि तोही पलीकडच्या काठावर, महादेवापुढे. दोन्ही काठांना कळू दे पुण्य कोणाचं ते."

महाराजांना हे फारच पटलं.

दुसऱ्या दिवशी सजवलेल्या नावेतून सगळे पैलतीरी गेले. दामोदरभटांनी मंत्र म्हटले, महाराजांच्या तळहातावर नर्मदेचं पाणी घातलं. ते खाली सोडलं की संकल्प पक्का. समोरच्या काठावर वाड्याच्या मुदपाकखान्यातून धूर निघत होता. आज मालपुवे होते.

"भटजीबुवा, एक विचारू?" गेंदा म्हणाली. "परिक्रमा पुरी होईपर्यंत नर्मदा ओलांडायची नसते ना?"

"छे. ओलांडली की परिक्रमा मोडली."

"हा नियम कोणाला? पाय ज्याचे त्याला, की संकल्प ज्याचा त्याला?"

भटजी घुटमळले. "पाय कोणाचेही असोत. पुण्य ज्याचं, नियमही त्यालाच."

महाराजांचा हात जागीच थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे आता नावेत बसायचं नाही, महाराज. मी फिरून येईपर्यंत इथंच राहायचं. देवळाची ओसरी चांगली आहे, वारा येतो. भिक्षेला तीन घरं आहेत. चौथ्याकडे जाऊ नका, त्याचं कुत्रं चावतं."

"आणि वाड्यावर जायचं झालं तर?"

"समोर तर आहे. उगमापर्यंत जा, अमरकंटकाला वळसा घालून या."

बोटांच्या फटीतून पाणी झिरपू लागलं. महाराजांनी घाईनं दुसरा हात खाली धरला.

"भटजी, हे सोडलंच नाही तर?"

"तर संकल्प झालाच नाही, महाराज."

महाराजांनी ते पाणी एका घोटात पिऊन टाकलं. तळहातसुद्धा चाटला. मग गेंदाकडे वळून म्हणाले, "हे काल वाड्यात का नाही बोललीस?"

"काल महाराज आपल्या काठावर होते."

महाराज हसत सुटले. परतताना नावेत बसले तरी हसू थांबेना, नाव हलायला लागली.

अलीकडच्या घाटावर पालखी थांबली होती. महाराजांनी गेंदाला लेकीसह आत बसवलं, तिच्या दारात दुभती गाय बांधायला सांगितली आणि स्वतः पायऱ्या चढू लागले. अर्ध्यावरच त्यांना धाप लागली.

"गेंदे, अजून किती राहिलं गं?"

पालखीचा पडदा सरला. "चालणाऱ्यानं असं विचारू नये, महाराज. नर्मदे हर म्हणावं आणि पुढचं पाऊल टाकावं."

महाराज हसता हसता पायरीवरच बसले.