डाव्या तळहातावर

मठातला हा संवाद झाला तेव्हा मी तिथे नव्हते. रुग्णालयातही नव्हते. लिहिते आहे ते मन्मथप्पा हलकुडे यांनी सांगितलेले. त्यात त्यांची स्वतःची बाजू पडती आहे, म्हणून मी ते ग्राह्य धरते.

"प्रायश्चित्त काय, महाराज?"

"आधी बस तरी. बायको कशी आहे?"

"निलावती अजून डोळे उघडत नाही. मेंदूत गाठ आहे. सोमवारी ऑपरेशन... पण त्याआधी दोष निवारला पाहिजे. दोष अंगावर असताना प्रार्थना पोचेल कशी?"

मन्मथप्पा निवृत्त मुख्याध्यापक. गळ्यात धारण केलेल्या इष्टलिंगाची त्यांची पूजा बेचाळीस वर्षांत एक दिवस चुकली नव्हती. आणि तालुक्यात ही गोष्ट कुणाला ठाऊक नाही असे होऊ नये, याची काळजी ते घेत.

"दोष कसला?"

"एमआरआयला अंगावर चांदी चालत नाही म्हणाले. सिस्टरनं तिच्या गळ्यातलं लिंग चांदीच्या डबीसकट काढलं. लग्नाआधीपासून ते अंगावेगळं झालं नव्हतं!"

"मग तू घेतलंस."

"मी? दुसऱ्याच्या लिंगाला मी हात कसा लावणार? तुम्हीच शिकवलंय."

"हं. मीच... पुढे?"

"सिस्टर ते टेबलावर ठेवायला निघाली. मी ओरडलो, खाली ठेवायचं नाही! म्हणाली, 'बरं काका, मग मी धरते.' आणि धरून उभी राहिली. परकी बाई, महाराज. कोण, कुठली..."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"कोणत्या हातात?"

"डाव्या. तळहातावर. उजव्यानं पेशंटांची नावं लिहीत होती."

आपण पूजेला लिंग डाव्या तळहातावरच घेतो, हे मन्मथप्पांच्या त्या वेळी ध्यानात आले नाही. असे ते स्वतःच सांगतात.

"आणि तू काय करत होतास?"

"बाकावर बसून जप."

महाराजांनी कोनाड्यातून विभूतीचा गोळा उचलला आणि मन्मथप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवला.

"उभा राहा. मी येईतो धर. खाली ठेवायचं नाही."

आणि ते गोठ्याकडे निघून गेले.

प्रथम मनगट भरून आले. मग कोपर. मग नाकावर माशी बसली. उजवा हात मोकळा होता. पण माशी हाकलताना डावा हलेल, म्हणून त्यांनी ती हाकलली नाही.

महाराज परतले.

"किती झालं?"

"एकोणीस मिनिटं."

"अर्धंही नाही रे, मास्तर..."

मन्मथप्पांना एकाएकी रडू आले.

"महाराज, लिंग तिनंच परत निलावतीच्या गळ्यात घातलं. आणि मी तिला... मी विचारलं, हात धुतले होते का."

"धुतले होते?"

"दोनदा, म्हणाली."

महाराजांनी त्यांच्या तळहातावरचा गोळा उचलून परत कोनाड्यात ठेवला.

"नाव काय तिचं?"

ते मन्मथप्पांनी विचारलेच नव्हते.

"विचारून ये. निलावतीसाठी मी प्रार्थनेला बसेन. पण ते नाव आल्याशिवाय नाही."

मन्मथप्पा एसटीने शहरात गेले. एमआरआयच्या खोलीबाहेर दुसरीच सिस्टर होती. त्या दिवशी बदलीवर कोण उभी होती, हे तिला सांगता येईना. त्यांनी वॉर्डावॉर्डांतून विचारले. तोंडावर मास्क असल्यामुळे त्यांना स्वतःलाही ओळख सांगता येईना. तरी भेटेल त्या प्रत्येकीपुढे त्यांनी हात जोडले. एक गोंधळली. एक हसली. एकीने विचारले, "काका, तुम्ही जेवलात का?"

रविवारी संध्याकाळी ते मठात परतले.

"नाव मिळालं नाही, महाराज. त्या पाळीला एकवीस जणी होत्या. तिच्यासाठी म्हणून मी सगळ्यांचेच आभार मानून आलो."

"एकवीस?"

"हो."

"नावं?"

मन्मथप्पांनी खिशातला कागद पुढे केला. महाराजांनी तो डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचला. एकही नाव गाळले नाही.

"मग या एकवीस जणींसाठी बसायचं."

"आणि... निलावती?"

"ती बाविसावी. आसन घाल."