कुलपाआडची पेज

भानुनाथ महाराज त्या वर्षी आंबेदरीत मारुतीच्या देवळात उतरले होते. गावचे विश्वंभर वैद्य नाडीपरीक्षेत निष्णात. महाराजांची पायधूळ आपल्या ओसरीला लागावी म्हणून ते रोज सडा-रांगोळी करवीत. पण महाराज निघत ते ठकूबाई कुंभारणीबरोबर! ही विधवा बाई अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरोघर जाऊन पेज भरवी, त्यांचे पाय तेलाने चोळी.

वैद्यबुवांचा जळफळाट होई. "मडकी थापणारे हात ते! आता रोग बरे करणार म्हणे!" असे ते चारचौघांत हसत. पण खरे शल्य घरातच होते. त्यांची आंधळी आई त्यांनी दिलेला काढा ओठांतून ओघळू देई आणि विचारी, "ठकू आली का रे?"

एके सकाळी वैद्यबुवा परगावी निघाले, तोच ठकूबाई दारात आली. "बुवा, आईंच्या पोटात कालपासून काही नाही. दोन घोट भरवते नि जाते."

"माझ्या आईला माझं औषध पुरे आहे!" म्हणत त्यांनी तिच्यादेखत दाराला कुलूप घातले.

ठकूबाई रडत देवळात गेली. महाराज म्हणाले, "चल, त्या खाटेवरच्या म्हाताऱ्या म्हादबाकडे, तोही पेजेची वाट बघतोय. त्या दारापलीकडचं आम्ही पाहू."

तिसऱ्या प्रहरी वैद्यबुवा परतले. कुलूप जसेच्या तसे. आत पाहतात तो, कित्येक दिवस न उठलेली आई भिंतीला टेकून बसलेली! पाय तेलाने चकाकत होते.

"ठकूनं पोटभर पेज भरवली रे," ती तृप्तपणे म्हणाली.

वैद्यबुवांच्या अंगाची आग झाली. ही आत शिरली कशी? ठकूबाईचा माग काढत तडक त्यांनी म्हादबाचे अंगण गाठले. शेजारी म्हणाले, "बाई सकाळपासून म्हादबापाशीच आहे. महाराजही तेव्हापासून इथंच डोळे मिटून बसलेत."

वैद्यबुवांनी महाराजांकडे पाहिले मात्र! दोन्ही तळहात तेलाने माखलेले, उपरण्यावर पेजेची ओली शिते!

त्यांनी महाराजांचे पाय धरले. महाराजांनी डोळे उघडले. "तुमची विद्या खरी, वैद्यबुवा. पण ती ओसरीवर बसून राहते. ज्याला चालवत नाही, त्यानं काय करावं? हिच्याबरोबर घरोघर जात जा."

वैद्यबुवा ठकूबाईकडे वळले. "बाई, आईनं माझ्याआधी तुझं नाव घेतलं, एवढ्यासाठी मी तिला उपाशी ठेवलं गं!"

ठकूबाई संकोचून मागे सरली. वैद्यबुवांचे मस्तक मात्र साऱ्या आळीदेखत तिच्यापुढच्या मातीवर टेकले होते.