गोजराईच्या गळ्यावरची पाच बोटं

ही गोष्ट किती वर्षांपूर्वीची, ते सांगणारं बोरखोपात आता कुणी उरलेलं नाही. तेव्हा गावाला रस्ता नव्हता, दुकान नव्हतं, आणि बांगड्या भरायला एकच कासारीण होती. तिचं नाव गोजरा. तिनं हात हातात घेतला की काकण कधी चढलं ते कळायचंही नाही, असं म्हणतात.

पण गोजराला आणखी एक गोष्ट यायची, आणि बायकांना तिची भीती वाटायची. कातडीखाली रक्त साकळलेलं दिसलं, की ते किती दिवसांचं हे ती ओळखायची. जांभळं असेल तर कालपरवाचं, हिरवट असेल तर आठवड्याचं, पिवळं पडलं असेल तर त्याहून जुनं. कुणी म्हणायची, विहिरीवर पाय घसरला. गोजरा मान हलवायची आणि पुढची बांगडी घ्यायची. तिच्या धंद्याचा नियमच तसा होता. हातावर दिसेल ते बांगड्यांखाली झाकायचं आणि तोंडानं बोलायचं नाही. ह्या नियमानंच घात केला.

गावात बयाजी चौगुला म्हणून एक होता. बोलायला गोड, देवळात सगळ्यांच्या पुढे, आणि सगळा गाव पाणी भरायचा तो त्याच्याच विहिरीवर. त्याच्या बायकोच्या, कृष्णीच्या मनगटावर गोजरानं पाच बोटांचे डाग पाहिले. पाहून काय केलं? चार बांगड्या जास्त भरल्या. पंधरवड्यात कृष्णी ओढ्याच्या कड्याखाली सापडली. गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळलेला होता, तो कुणी सोडून पाहिला नाही. पाय घसरला, असं बयाजी म्हणाला. विहीर त्याची, म्हणून सगळा गाव हो म्हणाला. गोजराही हो म्हणाली.

वर्षाच्या आत बयाजीनं दुसरी बायको आणली. सगुणा तिचं नाव, माहेर लांब डोंगरापलीकडे. श्रावणात गोजरा चौगुल्यांच्या ओसरीवर बांगड्यांच्या माळा उघडून बसली. शेजारणी जमल्या. सगुणानं हात पुढे केला आणि पदर सरकला. एकाच हातावर पिवळे डाग, त्यांवर हिरवे, त्यांवर जांभळे, आणि मनगटाशी त्याच सकाळचे लाल. एका घसरण्यात एवढे रंग येत नाहीत.

बयाजी दारात उभा होता. "झाक की गं गोजरे," तो हसत म्हणाला. "चार जास्ती भर."

गोजरा घाबरली. आमच्या गावानं तिला देवी करून ठेवलंय, म्हणून ती घाबरलीच नाही असं कुणी समजू नये. तिनं हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. पण ही पोरगीही कड्याखाली जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"ह्या हाताला बांगडी बसत न्हाई, चौगुले," ती म्हणाली. "ऊठ पोरी, तुला म्हायेरी पोचवते."

असं म्हणतात, की तिनं सगुणाचा हात दोन्ही हातांनी धरला आणि डाग हलायला लागले. सगळ्यांच्या देखत ते कातडीखालून सरकत आले आणि गोजराच्या हातांवर चढले. सगुणाचा हात कोरा झाला. मग गोजराच्या गळ्यावर आणखी पाच बोटं उमटली, काळीनिळी. पदराखालचा कृष्णीचा गळा त्या दिवशी गावानं पहिल्यांदा पाहिला.

बयाजी तिला ढकलायला धावला. त्याचा हात तिच्या गळ्यावर पडला आणि बोटं त्या डागांवर बरोबर बसली, अंगठ्यावर अंगठा, करंगळीवर करंगळी. त्यानं हात ओढून घेतला तेव्हा तळवा काळानिळा झाला होता. तो रंग पुढे कधी हिरवा झाला नाही की पिवळा झाला नाही. रोज थोडा वर चढायचा. मनगट, कोपर, खांदा. त्यानं लेप लावले, नवस केले, हात फडक्यात गुंडाळून ठेवला. रंग छातीशी पोचला त्या दिवशी तो घरातून निघाला, आणि पुन्हा कुणाला दिसला नाही.

गोजरानं सगुणाला माहेरी पोचवलं. तीन दिवसांची वाट. सगुणाच्या आईच्या उंबऱ्यावर गोजरा बसली, तांब्याभर पाणी प्याली आणि तिथंच गेली. तेव्हा तिच्या अंगावर एकही डाग नव्हता, असं तिकडचे म्हणतात. सगळे होते, असं आमच्याकडचे म्हणतात. मला आमच्याकडच्यांचंच खरं वाटतं.

तेव्हापासून बोरखोपात बांगडी भरण्याआधी बाई दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे करून उन्हात धरते. कासार गोजराईचं नाव घेतो आणि विचारतो, "हात कसा हाय?" ती म्हणते, "कोरा हाय." एखादी गप्प राहिली, तर कासार माळा बांधून ठेवतो. मग सण असो की लग्न, गावात कुणीच बांगडी भरत नाही. सगळ्याजणी त्या बाईला मध्ये घेऊन तिच्या दारात जाऊन बसतात.

मी हे एकदाच पाहिलं, नवी सून होते तेव्हा. गप्प राहिली ती माझी थोरली जाऊ. आमच्याच दारात आम्ही दिवसभर बसलो. थोरले दीर संध्याकाळी बाहेर आले ते दोन्ही हात पाठीमागे लपवून. पुढच्या श्रावणात जाऊबाई "कोरा हाय" म्हणाल्या. कासारानं तो हात बराच वेळ उन्हात धरून ठेवला, उलटासुलटा करून पाहिला, आणि मगच पहिली बांगडी चढवली.