कानामागचे अंगठे

पूर्वी चंपानगरीत अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या गजशाळेत हत्ती होऊन जन्मला होता. भद्रक हा त्याचा माहूत. तो कधी अंकुश उचलीत नसे. हत्तीच्या कानांमागे पायाचे अंगठे टेकवून तो त्याला चालवी, दाबून थांबवी.

काय सुखाचे दिवस होते ते! सकाळी नदीत भद्रक विटेच्या तुकड्याने हत्तीची पाठ घाशी, त्याची चिमुरडी सुमना काठावरून हुकूम सोडी, आणि हत्ती सोंडेने दोघांनाही चिंब करी.

पुढे युद्ध झाले. लढाईआधी हत्तींना मद्य पाजण्याची रीत होती, आणि ते आधी चाखून पाहणे माहुताचे काम. युद्ध संपले तसे हत्तीचे मद्य सुटले. माहुताचे सुटले नाही. सुमना नदीकाठी वाट पाहून एकटीच परतू लागली. "मनात आणले तर उद्या सोडीन," असे भद्रक म्हणे. पण त्याचा उद्या काही उजाडत नसे.

एके दुपारी सुमना तापाने फणफणली. वैद्य वेशीबाहेर राहत. भद्रक हत्तीवर बसून निघाला, आणि हत्ती नेमका गुत्त्याच्या दारात थबकला.

"अरे, इथे कशाला थांबलास? पोर तळमळते आहे माझी!"

बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला, "बाबा रे, तूच थांबवलेस. अंगठे बघ."

दोन्ही अंगठे कानांमागे घट्ट रुतले होते. भद्रकाला त्याचा पत्ताच नव्हता. त्याला रडू फुटले. "मला वाटे, पितो ते माझ्या मर्जीने. आज लेकीसाठीही पाय माझे ऐकेनात. मला नाही रे जमत. तूच ने."

"मग पाय वर घे."

हुकुमावाचून पाऊल न टाकण्याची गजशाळेची शिस्त मोडून हत्ती धावत सुटला.

वैद्य आले, सुमनाचा ताप उतरला. ते निघू लागले तेव्हा भद्रकाने हात पुढे केला. "वैद्यराज, आता माझी नाडी बघा. मद्य सुटत नाही."

"हा ताप एका काढ्याने उतरायचा नाही," वैद्य म्हणाले. "रोज येत जा. चुकलास तरी ये."

भद्रक जात राहिला. मध्ये घसरला, तरी गेला. गुत्त्यासमोरून जाताना तो हत्तीवर मांडी घालून बसे. "माहूत पूजेला बसला!" म्हणून लोक हसत, तो हसू देई. आणि एका सकाळी विटेचा तुकडा पुन्हा नदीवर आला. सुमना आता उंच झाली होती, पण हुकूम सोडायला विसरली नव्हती.

ही पूर्वजन्मीची कथा एवढी सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, तो भद्रक म्हणजे आज इथे आपली खोड आपण होऊन कबूल करणारा हा तरुण भिक्खू. वैद्य म्हणजे त्याचा हात धरून त्याला इथे आणणारा त्याचा गुरुबंधू. आणि हत्ती मी होतो. 'मला जमत नाही, हात द्या,' असे वेळेवर बोलणे, हीही सत्यपारमिताच, सत्याची परिपूर्ण साधनाच होय."