कुंपण मोडणारी म्हैस

डोंगरमाथ्यावर कातळाचे एक भलेमोठे पठार होते. सगळे त्याला सडा म्हणत. सड्याच्या कडेला एक गरीब गाव होते आणि गावात पाच म्हशींची एक गवळण राहत होती. त्यातल्या चार म्हशी गरीब होत्या. पाचवी, कपाळावर पांढऱ्या ठिपक्याची चांदरी, महाखट्याळ! पण दूध सगळ्यांत जास्त तीच द्यायची. गवळणीचे घर तिच्याच जिवावर चालायचे.

भाद्रपदात सडा फुलांनी भरून जाई. जांभळा तेरडा, पिवळी सोनकी, बघत राहावे! हळूहळू दूरदूरची माणसे बघायला येऊ लागली. त्यांना वाटाड्या लागे, गरम पिठलं-भाकरी लागे. पोटासाठी परमुलखात गेलेले लेक घरी परतले आणि गावाला सुखाचे दिवस आले.

पण पाहुणे फुलांत लोळू लागले, तेव्हा पाटलांना काळजी वाटली. त्यांनी दवंडी पिटवली, "सड्याला कुंपण घाला! पाहुण्यांनी बाहेरूनच बघायचं. आणि ज्याचं जनावर आत सापडेल, ते कोंडवाड्यात जाईल. परत मिळणार नाही!"

गवळण म्हणाली, "पाटील, आमच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या तिथंच चरल्यात. फुलं कधी रुसली न्हाईत."

"बाई, म्हशीला फुलांतलं काय कळतंय?" पाटील म्हणाले आणि सगळे खो खो हसले.

बिचारी गवळण दरीतून गवताचे भारे वाहू लागली. चार म्हशींनी ते मुकाट्याने खाल्ले. चांदरी कसली ऐकते! रोज दुपारी शिंगांनी कुंपणाची काठी उपटायची की शिरलीच आत. गवळण धावत जाऊन कुंपणाबाहेरूनच हाका मारून तिला परत बोलवायची, काठी पुन्हा रोवायची आणि कोणी पाहिले तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघायची.

तिसऱ्या भाद्रपदात सड्यावर कमरेएवढे गवत माजले. फुले शोधूनही सापडेनात. पाहुणे आले, हिरमुसले आणि आल्या पावली परत गेले. टोपल्यांत भाकऱ्या वाळू लागल्या. लेकांनी पुन्हा परमुलखाची बोचकी बांधायला घेतली.

त्या दिवशी कितीही हाका मारल्या तरी चांदरी आली नाही. तिला शोधता शोधता गवळण सड्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेली आणि जागीच थबकली. चांदरी जिथे रोज चरायची, तेवढ्याच तुकड्यात तेरडा मांडीएवढा उंच नि दाट फुलला होता!

आता सांगावे तर चांदरी जाणार. न सांगावे तर लेक जाणार. शेवटी गवळणीने डोळे पुसले, चांदरीला दावे लावले आणि तडक पाटलांचे दार गाठले.

"पाटील, ही रोज कुंपण मोडून आत जात व्हती. घाला कोंडवाड्यात. पण आधी माझ्यासंगं चला."

सारा गाव तिच्या मागून गेला. फुलांचा तुकडा पाहून सगळ्यांची तोंडे उघडीच राहिली.

गवळण म्हणाली, "गवत माजलं की फुलांच्या रोपाला ऊन मिळत न्हाई. म्हशी गवत खात्यात, तेरड्याला तोंडसुदिक लावत न्हाईत."

पाटलांनी पागोटे काढून डोके खाजवले. "बाई, चूक माझी. कोंडवाड्यात मलाच घाला."

"नगं बाई! तुमाला येवढी वैरण कुठनं आणू?"

पाटीलच सगळ्यांत मोठ्याने हसले. चांदरीचे दावे त्यांनी स्वतःच्या हाताने सोडले.

कुंपण उपटले गेले. ठरले असे की, कळ्या दिसेपर्यंत म्हशींनी चरायचे आणि मग खाली उतरायचे. फुलांच्या दिवसांत रोज मोजक्याच पाहुण्यांनी यायचे, तेही म्हशींनी पाडलेल्या वाटेवरून, एकामागे एक. आणि वाट दाखवायची गवळणीने.

पुढच्या भाद्रपदात सडा असा फुलला की म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही कधी पाहिला नव्हता. घरोघरी चुली पेटल्या, कोणाचाही लेक गाव सोडून गेला नाही. एका पाहुण्याने वाटेबाहेर पाय टाकला मात्र, गवळणीने काठी उगारली, "ओ पाव्हणं, वाटेवर या! आमच्या म्हशीस्नी कळतंय, आन् तुमाला कळंना व्हय?" पाहुणा लाजून वाटेवर आला आणि सगळा सडा हसण्याने दुमदुमला.

तात्पर्य: रान राखायचे असेल, तर त्याच्यावर जगणाऱ्यांना बाहेर काढू नये, आधी त्यांना विचारावे.